पाटीवर फक्त चंद्रभागा

कमल, तुझे दिवस अजून व्हायचेत आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. तुला याचं नवल वाटणार नाही. कॉलेजात असल्यापासून आपण दोघींनी एकमेकींशी दुसरं केलं तरी काय?

माझा पाय घरात ठरत नाही. काल भाताखाली जाळ घातला आणि विसरले, तळाला लागला. शाळेत मुलांना पाढे म्हणायला सांगितले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. मुलं पाढे संपवून गप्प बसली तरी मला पत्ता नाही. घरातले म्हणतात, जरा पड. पडलं की तुझा आवाज सुरू होतो, तोच, शब्द तोडून बोलणारा, समोरच्याला मध्ये बोलू न देणारा. मग उठते. ओसरीवरून परसात, परसातून ओसरीवर. सासूबाई काही विचारत नाहीत, नुसत्या बघतात.

मैत्रीण गेली म्हणून असं होतंय, असं मी लोकांना सांगते. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. मी चिडले आहे. परवा शिवरामतात्या घरी येऊन गेले. त्यांनी मला जे सांगितलं ते तुला सगळं ठाऊक होतं, आणि तू ते पोटात ठेवून गेलीस. पण हे असं मधूनच सांगून चालायचं नाही. ओळीनं लिहिते, नाहीतर माझं मलाच उमजायचं नाही.

मी लग्न करून रिह्याला आले आणि रोज घोटावड्याच्या शाळेत शिकवायला चालत जाऊ लागले. तू पुण्यातच राहिलीस आणि नव्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात लागलीस. मला तुझा हेवा वाटला होता, हे तुला कधी बोलले नाही. पण पहिल्यांदा तिथं आले आणि हेवा निम्मा झाला. जुन्या इमारतीतल्या काही खोल्या, एका भिंतीला ओल आलेली. पुस्तकं मात्र येतच होती. कुणी वारलं की घरची माणसं संग्रह पाठवून देत, परदेशातून मासिकांचे खोके येत. ठेवायला कपाटं नव्हती. खोके न फोडताच एकावर एक रचलेले. कुणी पुस्तक मागितलं की तू पदर खोचून त्या ढिगात शिरायचीस आणि केसांत जळमटं घेऊन बाहेर यायचीस. वाचायला एकच दालन, ते मुलांनी भरलेलं. मुली दाराशी उभ्या राहून पानं चाळत आणि पुस्तक घरी न्यायची परवानगी मिळाली तर मागचं-पुढचं आवरून झाल्यावर वाचत. हे सांगताना तुझी कानशिलं लाल व्हायची.

तुझ्या वरिष्ठांनी मोठमोठ्या लोकांकडे शब्द टाकला होता. कारखानदार, व्यापारी, जुने संस्थानिक. तू त्यांना म्हणालीस, मी खेड्यांत जाऊन मागते. ते काय म्हणाले ते तू सांगितलं नाहीस, पण तू आलीस ती माझ्याच गावाला.

भाताची झोडणी चालली होती. आमच्या खळ्यावर माणसं टेकली होती, आणि तू शहरातली बाई चपला हातात घेऊन बांधावरून आलीस. मला वाटलं, आता ही विद्येचं महत्त्व सांगणार आणि माणसं जांभया देणार. तू तसलं काही केलं नाहीस. पिशवीतून एक पुस्तक काढलंस. इंग्रजी, भातावरच्या रोगांवरचं. त्यातलं करप्याचं चित्र सगळ्यांना फिरवून दाखवलंस आणि खाली काय लिहिलंय ते मराठीत सांगू लागलीस. करपा कसा येतो, आधी पानावर काय दिसतं, कुठल्या हवेत वाढतो. माणसं पुढं सरकली. माझे सासरे तंबाखू मळायचे थांबले. आणि अगदी रंगात आल्यावर तू थांबलीस.

"म्होरलं सांगा की," सासरे म्हणाले.

"पुढचं वाळवीनं खाल्लं," तू म्हणालीस आणि पुस्तक उलटं धरून दाखवलंस. मागची पानं चाळणीसारखी झाली होती.

मग एकानं विचारलं, औषध मागल्या पानात होतं का. तू म्हणालीस, असेल, मलाही माहीत नाही. दुसऱ्यानं विचारलं, एवढ्या मोठ्या विद्यापीठात याला ठेवायला एक कपाट नव्हतं? तू म्हणालीस, नाही. मग त्या माणसांना राग आला, कमल. मी तिथं उभी होते. त्यांना तो राग स्वतःच्या मालकीच्या वस्तूसाठी यावा तसा आला. सासऱ्यांनी घर बांधताना उरलेल्या सागाच्या फळ्या देऊ केल्या. कुणी आंबेमोहोर दिला. जे देतील ते तू घेतलंस आणि ज्यानं दिलं त्याला पुण्याला येऊन बघून जायला बजावलंस.

तुला गाडीपर्यंत सोडायला आले तेव्हा आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हणाले, हे बरोबर नाही. विद्यापीठ सरकारनं काढलं, पुस्तकं सरकारनं सांभाळावीत. ज्याचं पोरगं चौथीच्या पुढं जात नाही त्याच्या खळ्यावर येऊन काय मागतेस? तू भराभर चालत होतीस. सरकारनं द्यायलाच हवं, असं तूही म्हणालीस. पण सरकार देईल ते कपाट कुणाचंच असणार नाही, असं तुझं म्हणणं. मग थांबून म्हणालीस, "शांते, ज्यानं फळी दिली तो माझी फळी कुठंय म्हणून विचारायला येईल. मला विचारायला येणारी माणसं हवीत."

मी म्हणाले, येतील आणि दारातून परत जातील. गाडी आली.

तुझ्या फळ्यांची कपाटं झाली. खोके फुटले. पुढच्या खेपेला तू सांगितलंस की परदेशी मासिकं आता वेळेवर मांडली जातात, आणि शेतकी शिकणारा कुणी मुलगा ती चाळायला रोज येऊन बसतो. तू आणखी गावं फिरू लागलीस. आमच्याकडे मुक्काम करायचीस, सासूबाईंच्या हातची भाकरी दोन घास जास्त खायचीस आणि सकाळी निघायचीस.

आता चंद्राकाकूंचं. त्यांच्याबद्दल मी तुला सांगितलं होतं; माझ्याकडूनच तुला कळलं होतं. म्हणून तर मला एवढं लागलं.

घोटावड्यात तात्यांची भाताची गिरणी. पंचक्रोशीत तात्यांचा शब्द चालायचा. चंद्राकाकू त्यांची बायको. मी चंद्राकाकू म्हणे, पण गावात त्यांना दुसऱ्या कुणी नावानं हाक मारल्याचं मी ऐकलं नव्हतं. कुणाची तरी आई, कुणाची तरी सासू, तात्यांच्या घरातली, एवढंच. शाळेत मी बायकांचा साक्षरतेचा वर्ग सुरू केला तेव्हा त्या आल्या. मी विचारलं, काय वाचायचंय? बहुतेक जणी पोथी म्हणायच्या. काकू म्हणाल्या, गाडीची पाटी. लेक सासवडकडे दिलेली. पुण्यात गाडी बदलायची आणि तिथं कुठली कुठं जाते ते विचारत फिरायचं. विचारलं की माणसं हसतात, असं त्या म्हणाल्या. त्यांना नुसतं गाडीत नीट चढायचं होतं.

पटपट शिकत होत्या त्या. 'स' आणि 'र' मध्ये गोंधळ व्हायचा, मग स्वतःशीच हसायच्या. एक दिवस तात्या शाळेच्या दारात आले. आत आले नाहीत. "चला घरी," एवढंच म्हणाले. काकूंनी पदरानं पाटी पुसली, माझ्या टेबलावर ठेवली आणि निघून गेल्या. बाकीच्या बायकाही हळूहळू गळल्या. पुढं भाद्रपदात काकूंना ताप भरला, नदीला पाणी होतं, डॉक्टर वेळेवर आला नाही. गेल्या.

त्यानंतर वर्ष झालं असेल, तू आमच्या परसात बसून चहा पिता पिता म्हणालीस, तात्या मोठी देणगी द्यायला तयार आहेत. एवढी, की मुलींसाठी वेगळा वाचनकक्ष होईल. टेबलं, दिवे, पंखे, एक बाई नेमता येईल. आणि त्याला चंद्राकाकूंचं नाव द्यायचं.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. मग मी जे बोलले ते मी विसरलेले नाही आणि आजही त्यातला एक शब्द मागं घ्यायला तयार नाही. ज्या माणसानं बायकोला पाटीवरून उठवलं, तो आता तिच्या नावाची पाटी लावणार. जिवंतपणी तिला गाडीचं नाव वाचू दिलं नाही आणि मेल्यावर विद्यापीठात तिचं नाव वाचायला लावणार. लोक म्हणतील, तात्या केवढ्या मोठ्या मनाचे. आणि हे सगळं तुझ्या हातून होणार. मी म्हणाले, दुसऱ्या कुणाकडून घे. मुली अजून थोडे दिवस दारात उभ्या राहतील.

तू म्हणालीस, "त्या उभ्या आहेत त्या आत्ता उभ्या आहेत. पुढच्या वर्षी त्या तिथं नसतील."

मी म्हणाले, तू विकली गेलीस.

तू चहा संपवलास. कप विसळून पालथा घातलास, आपल्या घरी असल्यासारखा. पिशवी घेतलीस. दारात वळून म्हणालीस, माझ्यावर विश्वास ठेव, यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. मी म्हणाले, न सांगण्यासारखं काही असेल तर ते पैशांचंच असणार. तू गेलीस. सासूबाई आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, जेवल्याबिगर गेली गं ती.

उद्घाटनाला मी आले नाही. निरोप आला होता. गावातून तात्यांच्या बैठकीतली माणसं गेली, आल्यावर वर्णन करत बसली. मी ऐकलं नाही.

मग कधीतरी शिक्षकांच्या कामासाठी पुण्याला आले आणि पाय आपोआप तिकडं वळले. तू मला दारात बघून नुसती पुढं झालीस, मी मागं. खोली लांबट होती. उत्तरेकडच्या खिडक्यांतून उजेड येत होता. प्रत्येक टेबलावर दिवा. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. एक मुलगी पुस्तकावर डोकं ठेवून गाढ झोपली होती आणि तिला कुणी उठवत नव्हतं. एक जण काहीतरी उतरवून घेत होती आणि ओठ हलवत होती. खिडकीत तिघींचे डबे ओळीनं ठेवलेले. म्हणजे त्या सकाळी येऊन संध्याकाळपर्यंत तिथंच बसत होत्या, कमल. मुलींना दिवसभर बसता येईल, कुणी काय करतेस विचारणार नाही, अशी जागा मी आपल्या कॉलेजच्या दिवसांत पाहिली नव्हती.

दारावरची पाटी मी बाहेर पडताना पाहिली. 'चंद्रभागा वाचनकक्ष'. एवढंच. कुणाची पत्नी, कुणाच्या स्मरणार्थ, कुणाकडून, काही नाही. मला वाटलं, समितीत हुज्जत घालून तू तेवढं तरी साधलंस. विचारलं नाही. आणि तूही काय सांगितलंस? खिडकीची एक कडी नीट बसत नाही, पावसाचं पाणी आत येतं, सुताराला सांगून थकले. बाकीचं सगळं तोंडभर सांगितलंस आणि त्या पाटीबद्दल अक्षर नाही.

'छान झालीय गं खोली' असं म्हणायला मला काय झालं होतं? काही झालं नव्हतं. मी अजून रागावलेली होते आणि खोली छान होती, दोन्ही खरं होतं. दोन्ही एका वाक्यात कसं बसवायचं ते मला त्या वेळी येत नव्हतं. आजही येत नाही. मी म्हणाले, कडीला खाली पाचर मार. तू म्हणालीस, बघते.

त्यानंतर आपण बोलत होतो. तू येत होतीस, राहत होतीस. पण त्या खोलीला वळसा घालून बोलायचो. हे तुला जाणवत होतं की नाही? जाणवत असणार. तुला सगळं जाणवायचं.

शेवटी तुला दवाखान्यात भेटले तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. तरी तू बांधणीवर बोलत होतीस. देणगीतून आलेली जुनी पुस्तकं शिवण उसवून पडलीत, हातात घेतलं की पानं सुटतात, ग्रंथालयाला स्वतःचा बांधणीकार हवा, एक खोली आणि दोन माणसं. मी म्हणाले, आधी बरी हो. तू म्हणालीस, तू माग ना कुणाकडे, तुला गावात सगळे ओळखतात. मी म्हणाले, मला मागायला जमायचं नाही. तू हसलीस, आणि हसताना तुला त्रास झाला म्हणून मी गप्प झाले. त्या वेळी मला वाटत होतं की तू उठून परत आमच्या बांधावरून येणार आहेस. म्हणून मी निघताना काही विशेष बोलले नाही. परत येतानाच्या गाडीत नुसती झोपले.

परवा तात्या आले. शाळेतून आले तर ओसरीवर बसलेले. सासऱ्यांशी भाताबद्दल बोलत होते. मला बघून उभे राहिले. तात्या कुणाला बघून उभे राहत नाहीत. थकलेत आता, गिरणी मुलगा बघतो. म्हणाले, कमलबाई गेल्याचं कळलं. सासरे उठून गोठ्याकडे गेले, त्यांना कळतं असं काही.

तात्या सांगू लागले. त्यांनी देणगीचं बोलणं काढल्यावर तू त्यांच्या घरी गेली होतीस. त्यांना वाटलं, बाई आभार मानायला आल्या. तू बसलीस आणि सरळ विचारलंस, तुम्ही चंद्रभागाबाईंना शाळेतून का उठवलंत? तात्यांनी तुला घराबाहेर काढलं. हे तू मला सांगितलं नाहीस. तुला घोटावड्यात एका घरातून बाहेर काढलं आणि त्याच दिवशी तू आमच्याकडे येऊन जेवलीस का, कमल? मी आठवून बघतेय, मला काही वेगळं दिसल्याचं आठवत नाही.

मग काही दिवसांनी तात्या आपण होऊन पुण्याला गेले. तुझ्यासमोर बसून त्यांनी तुला उत्तर दिलं. तेच त्यांनी परवा मला सांगितलं.

"बाई, मला वाचाय येत न्हाई," ते म्हणाले. "गिरणीवर समदी मालक म्हनत्यात. कागुद आला की मी म्हनतो, चष्मा घरी ऱ्हायला, तू वाच. कुणाला ठावं न्हाई. तिला ठावं व्हतं. आन ती शिकाय लागली. आता घरात तिच्याकडनं वाचून घ्यावं लागंल, असं मनात आलं. मला ते सोसलं न्हाई. म्हनून उठीवली."

मी उभीच होते. दप्तर खांद्यावर तसंच.

तू त्यांना म्हणालीस म्हणे, की देणगी घेते, पण पाटीवर तुमचं नाव येणार नाही. नुसतं त्यांचं. तात्या म्हणाले, मग लोक ओळखणार कसं, कोण ही बाई? तू म्हणालीस, ओळखू देत तिच्याच नावानं. त्यांनी मान्य केलं. आणि तुझ्याकडून एक शब्द घेतला. हे शांताबाईंना सांगायचं नाही. का, तर मी त्या दिवशी शाळेत होते. मी बघितलं होतं. दुसऱ्या कुणाला सांगितलंत तरी चालेल, पण शांताबाईंना नाही.

तू शब्द पाळलास. मी तुला विकली गेलीस म्हणाले तेव्हा उत्तर तुझ्या तोंडात होतं. ते तू चहाबरोबर गिळलंस आणि कप विसळलास.

मला सांग, हे कुणासाठी केलंस? त्या म्हाताऱ्याच्या लाजेसाठी आपल्या दोघींमधली एवढी वर्षं घातलीस? मला तुझा अभिमान वाटायला हवा. वाटतोही. आणि लगेच वाटतं, तुला उठवून खांदे धरून हलवावं. असा शब्द द्यायलाच नको होता. मी कुणाला सांगितलं असतं? बरं, मला कळलं असतं तर मी देणगीला हो म्हटलं असतं का? नसतं म्हटलं, हे तुलाही ठाऊक होतं. माणूस लाजेपोटी करो की माजापोटी, पाटी पुसायची वेळ काकूंवरच आली. तुझं म्हणणं काय असतं तेही मला माहीत आहे. तू म्हणशील, लाजेतून निघालेल्या पैशानं दिवा लागतोच, आणि त्याखाली बसलेल्या पोरीला पैसा कुठून आला ते कळायची गरज नाही. मी म्हणेन, तिला कळायला हवं. तू म्हणशील, मग तू सांग तिला. इथं आपण अडतो. गेले दोन दिवस मी ओसरीवरून परसात जाताना तुझी बाजू मांडते आणि परत येताना माझी.

तात्यांना मी धीर दिला नाही. मला देता आला नाही. एवढंच म्हणाले, "हे काकूंना सांगायचं होतं, तात्या."

"व्हय," ते म्हणाले.

मग म्हणाले, कमलबाईंच्या नावानं काहीतरी करायचं आहे. ग्रंथालयाला काय पाहिजे ते सांगा, मी एकटा देतो. तोंडाशी आलं होतं की नको. पण बांधणीची खोली आठवली, आणि उसवलेली पुस्तकं, आणि तुझे पिवळे डोळे. मी म्हणाले, घेते, पण तुमच्या एकट्याचं नको. तुम्ही द्याल तेवढंच घेईन जेवढं बाकीचे देतील. आणि त्या खोलीला कुणाचं नाव नको. तात्यांनी मान डोलवली. त्यांना आता अटींची सवय झाली आहे.

हे बोलून बसले आणि मग लक्षात आलं, की म्हणजे आता मला मागायला जावं लागणार.

काल नांद्याला गेले. पहिलं घर माझ्या ओळखीचं, त्यांचा मुलगा माझ्या हाताखाली शिकला. वाटेत तुझी सगळी युक्ती आठवत गेले. पुस्तक पिशवीत घेतलं होतं, पाठ फाटलेलं. पण तिथं बसल्यावर माझं बोलणं कोरडं होऊ लागलं. विद्यापीठ, ग्रंथालय, बांधणी. मी स्वतःलाच ऐकत होते आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी वाटत होते. घरधन्यानं ऐकून घेतलं आणि भल्या माणसासारखा म्हणाला, बाईंनी मागितलं म्हणजे द्यायचंच, एक पोतं भात न्या. त्यानं आतून पोतं आणून ओसरीवर ठेवलंसुद्धा. मला हायसं वाटलं. वाटलं, कमल, जमलं गं मला.

त्याची बायको उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिशीची असेल. इतका वेळ एक शब्द बोलली नव्हती. मी उठले तशी सूप बाजूला ठेवून म्हणाली, "बाई, मला थोडं वाचाय येतं. मी तितं आले तर आत घेत्याल का मला?"

मी म्हणाले, कॉलेजात शिकणाऱ्यांसाठी असतं ते. मग म्हणाले, म्हणजे घेत असतीलही. मला माहीत नाही. तिचा नवरा हसला आणि म्हणाला, हिचं काय ऐकताय. पण ती हसली नाही. तुझी ती खळ्यावरची माणसं वाळवीची पानं बघून गंभीर झाली होती ना, तशी ती दिसत होती.

तुला विचारलं असतं मी. पहिल्या गाडीनं आले असते आणि विचारलं असतं, आणि तू म्हणाली असतीस की आण तिला, मी बघते काय ते. किंवा म्हणाली असतीस की नियम नाही तसा, पण नियम कुणी केला ते बघू. आता त्या इमारतीत मी कुणाकडे जाऊ? मला तिथं कुणी ओळखत नाही. मला तिथं दारात थांबवतील. तरी सोमवारी मी जाणार आहे आणि तुझ्या वरिष्ठांसमोर उभी राहून विचारणार आहे. ते नाही म्हणाले तर पुढं काय बोलायचं, ते मी वाटभर जुळवते आहे आणि जुळत नाही.

काल मी पोत्याला हात लावला तेव्हा ती उठून पुढं आली. पोत्याच्या तोंडावर हात ठेवला. नवऱ्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"आधी इचारून या," ती म्हणाली. "मंग न्या."

पोतं तिच्या ओसरीवर तसंच उभं आहे.